झीलकऱ्यांचे ऋण : शाहीर साबळे आणि मंडळींच्या ध्वनिमुद्रिका

१

मराठी शाहिरी वाङ्मयाचा विचार आजवर मुख्यत्वे छापील संहितेच्या आधाराने होत आला आहे, आणि ते स्वाभाविकही होते. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला नसता, किंवा य. न. केळकर यांनी 'ऐतिहासिक पोवाडे' परिश्रमपूर्वक संपादित केले नसते, तर या वाङ्मयाचा बराचसा भाग गोंधळ्यांच्या व शाहिरांच्या पिढ्यांबरोबरच लयास गेला असता. लावणीच्या रूपाचा विचार करू पाहणाऱ्यास म. वा. धोंड यांचा 'मऱ्हाटी लावणी' हा ग्रंथ आजही टाळता येत नाही. या सर्व विद्वानांचे ऋण मान्य करूनच आम्हांस एक शंका उपस्थित करावयाची आहे. छापखान्याकडे जाताना पोवाड्याचा काही अंश वाटेतच गळून पडला काय?

आमचे उत्तर होकारार्थी आहे. गळून पडली ती झील. शाहीर डफावर थाप मारून चरण म्हणतो आणि त्याच्या पाठीशी उभे असलेले तुणतुणेवाले, टाळकरी व ढोलकीवाले त्या चरणाचा शेवट उचलून 'जी जी'च्या स्वरात वर चढवितात. संपादकाच्या दृष्टीने ही केवळ पुनरुक्ती होय. कागदावर तिला अर्थ नाही. म्हणून तिचा एखाद्या ठिकाणी निर्देश करावा आणि पुढे ती सोडून द्यावी, हेच सोयीचे. परिणाम मात्र असा झाला की, पोवाडा म्हणजे एका कवीने एकट्याने सांगितलेले कथनकाव्य, अशी वाचकाची समजूत होऊन बसली. वस्तुतः तो चार-सहा जणांनी मिळून उभा करावयाचा असतो. झील नसेल तर शाहिरास श्वास घेण्यास जागा राहत नाही, आणि श्रोत्यास ऐकलेल्या गोष्टीवर मनातल्या मनात मान डोलावण्यास अवसर मिळत नाही.

छापखान्याने जे गाळले ते ध्वनिमुद्रिकेने राखले, असे आमचे म्हणणे आहे. तबकडीस कान आहेत, पण निवड करण्याची बुद्धी नाही. म्हणून मुख्य गायकाबरोबर मागच्यांचा आवाजही तिने निमूटपणे टिपून ठेवला. मराठी शाहिरीतील झील वाङ्मयाचा टिकाऊ भाग झाली असेल, तर ती ध्वनिमुद्रणाच्या काळात. हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी ज्यांचे मुद्रित गायन विपुल आहे, ज्यांनी दीर्घ काळ एकाच नावाखाली काम केले आणि ज्यांचा आवाज सीमेवरच्या आमच्या मुलखातही घरोघर ओळखीचा आहे, असे एक गायकमंडळ आम्ही येथे विचारास घेतो. ते म्हणजे 'शाहीर साबळे आणि पार्टी'.

२

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म १९२३ साली वाईनजीकच्या पसरणी गावी झाला आणि २०१५ मध्ये ते निवर्तले. बालपणाचा काही काळ अमळनेरास गेला. तेथे साने गुरुजींच्या सहवासाचा संस्कार त्यांच्यावर झाला. पुढे मुंबईत त्यांनी शाहिरी उभी केली. 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय' यांसारखी मुक्तनाट्ये रंगभूमीवर आणली आणि 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमातून वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळी यांची गाणी व नृत्ये शहरी प्रेक्षकांपुढे मांडली. १९९८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. 'माझा पवाडा' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्धच आहे. हा तपशील वाचकांस परिचित असल्यामुळे त्याचा विस्तार आम्ही करीत नाही.

विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती 'आणि पार्टी' या दोन शब्दांची. शाहिराचे नाव ठळक आणि बाकीचे सारे या दोन शब्दांच्या पोटात. आमच्या पाहण्यात आलेल्या मुद्रिकांच्या वेष्टनांवर कवीचे नाव असते, संगीतकाराचे असते. झील कोणी धरली, संबळ कोणाच्या हातात होते, हे बहुधा नसते. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. बाजाराची रीतच ती. आणि ही रीत केवळ आपल्याकडचीच आहे असेही नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतून जे सामूहिक गायन निघाले, त्यातूनच पुढे 'सोल' नावाने ओळखला जाणारा गीतप्रकार जन्मास आला. डेट्रॉइट शहरातील 'फोर टॉप्स' हे त्यातील एक नामांकित मंडळ. १९५३ च्या सुमारास एकत्र आलेले चार गायक १९९७ पर्यंत, म्हणजे त्यांपैकी एकाचे निधन होईपर्यंत, एकमेकांस सोडून गेले नाहीत. लीव्हाय स्टब्ज हा मुख्य गायक आर्त स्वरात विनवणी करतो आणि मागचे आवाज त्यास उत्तर देतात, ही त्यांच्या गाण्याची मांडणी. पण 'मोटाउन' कंपनीने १९६० नंतरच्या दशकात काढलेल्या त्यांच्या अनेक मुद्रिकांत त्या उत्तरात 'अँडॅन्टीज' या तीन गायिकांच्या आवाजाचाही वाटा होता, आणि वेष्टनावर त्यांस स्थान नव्हते. सातासमुद्रांपलीकडचे हे उदाहरण देण्याचे कारण इतकेच की, सामूहिक गाण्यात मुख्य गायक प्रश्न करतो आणि उत्तर अनामिक मंडळी देतात, हा धर्म देशोदेशी सारखाच आहे. गाण्याचा अर्थ या उत्तरात असतो. कीर्ती मात्र प्रश्नकर्त्याच्या वाट्यास जाते.

ध्वनिमुद्रणाने झील राखली, हे खरे. परंतु त्याची किंमतही घेतली. लाखेच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांहून फारसे अधिक मावत नसे. तासन्तास चालणाऱ्या गोंधळातून वा जागरणातून तेवढा तुकडा कापून काढावयाचा, म्हणजे बतावणी गेली, श्रोत्यांना घातलेली हाक गेली, ऐन वेळी सुचलेला विनोद गेला. मुक्तनाट्य हा साबळे यांच्या कर्तृत्वाचा मोठा भाग. पण त्याचे खरे आयुष्य रंगमंचावर गेले, तबकडीवर नाही. पुढे दीर्घवादन मुद्रिका आल्या, नंतर कॅसेटी आल्या, आणि आता तर खिशातल्या मोबाइलवर सारे हजर असते. तरीही गाणे साडेतीन-चार मिनिटांचे, ही सवय कायमची लागून राहिली. या सवयीच्या कुंपणात राहून ज्यांनी झील जिवंत ठेवली, त्यांचे कौतुक म्हणूनच अधिक.

३

साबळे यांच्या मुद्रित गायनातील सर्वोत्तम गाणे कोणते, असा प्रश्न केल्यास दहांपैकी नऊ जण 'जय जय महाराष्ट्र माझा' हे उत्तर देतील. आम्ही दहावे आहोत. आमच्या मते तो मान एकनाथांच्या 'विंचू चावला' या भारुडाकडे जातो.

या भारुडाचा आशय सर्वश्रुत आहे. काम-क्रोधाचा विंचू डसला असून त्याच्या दंशाने अंगास घाम सुटला आहे. तमोगुण मागे सारावा, सत्त्वगुणाचा अंगारा लावावा, तेव्हा हा विखार उतरेल, असे रूपक नाथांनी मांडले. छापील भारुडात रूपक आधी दिसते आणि वेदना नंतर. वाचक पहिल्याच ओळीस ओळखतो की हा विंचू खरा नव्हे. मग तो निवांतपणे अर्थ लावीत बसतो. साबळे यांच्या गायनात क्रम उलटा आहे. प्रथम विंचू खराच चावतो. आवाज कळवळतो, फाटतो, हसूही येते. रात्रीच्या वेळी गोठ्यात विंचू डसलेल्या माणसाचा कांगावा ज्याने ऐकला आहे, त्यास हे हसू व ही कणव यांचे मिश्रण अचूक कळेल. दंश पटल्यावर मग त्याचे नाव काम-क्रोध असल्याचे सांगितले जाते, आणि हसणारा श्रोता स्वतःच्याच अंगावर हात फिरवून पाहू लागतो. लोकांना विंचू दाखवून आपला विकार ओळखावयास लावावा, हा नाथांचा मूळ हेतू गायनात सिद्ध होतो. वाचनात तो अर्धामुर्धाच राहतो.

हे काम एकट्या साबळे यांच्या गळ्याने झालेले नाही. चावलेला माणूस एक आहे आणि भोवती जमलेले गाव म्हणजे झीलकरी. ते पुनःपुन्हा तेच शब्द उचलतात तेव्हा पहिल्यांदा त्यात चौकशी असते, दुसऱ्यांदा गंमत, आणि शेवटाकडे येता येता तीच झील प्रार्थनेसारखी भासू लागते. शब्द बदललेले नाहीत; भोवतालचे माणूसपण बदलले आहे. संपादक जिला पुनरुक्ती म्हणून गाळतो, ती येथे भारुडाचा अर्थ पुढे नेणारी शक्ती ठरते. नाथांच्या भारुडांवर आजवर जे लिहिले गेले आहे त्यात रूपकाच्या उकलीचा भाग मोठा आहे आणि तो उपयुक्तही आहे. पण विद्यार्थ्यास भारुड शिकविताना आम्ही आधी हे मुद्रण ऐकवितो व नंतर पुस्तक उघडतो. उलट केल्यास भारुड हे केवळ अवघड अभंगांपैकी एक होऊन बसते, असा आमचा अनुभव आहे.

'आठशे खिडक्या नऊशे दारं' या गाण्याचा उल्लेख येथे ओझरता करतो. ते कोड्यासारखे, खेळकर आहे. त्यातील झील ठेक्याची मजा वाढविते, परंतु अर्थात भर घालीत नाही. चांगले गाणे आणि थोर गाणे यांत हाच भेद.

४

दुसरे विचारात घेण्याजोगे मुद्रण म्हणजे 'मल्हारवारी'. खंडोबाच्या नावाने पसरलेली वारी मोत्यांनी भरून दे, नाही तर दुरूनच परत फिरतो, असे भक्त देवास सरळ बजावतो. देवाशी असे भांडण्याचा हक्क ज्यास आहे, तो भक्त भिकारी नसून घरातला असतो. हा घरगुती दरारा साबळे यांच्या आवाजात पुरेपूर उतरला आहे. विनवणीचा शब्द आणि धमकीचा सूर एकाच चरणात नांदतात, आणि मागची मंडळी धमकीच्या बाजूने उभी राहतात. एकट्याने देवास असे बजावणे उद्धटपणाचे झाले असते. दहा जणांनी मिळून म्हटल्यावर तो गावाचा लाडका हट्ट होतो.

हेच पारंपरिक पद २००४ साली 'अगं बाई अरेच्चा!' या चित्रपटात अजय-अतुल यांनी नव्या वाद्यमेळासह आणले. चित्रपटाचे दिग्दर्शक केदार शिंदे हे साबळे यांचे नातू. नव्या पिढीने आजोबांच्या ठेव्याची आठवण ठेवली याचा आम्हांस आनंदच आहे, आणि त्या गाण्याने असंख्य तरुणांच्या तोंडी मल्हारीचे नाव घातले हेही मान्य केले पाहिजे. परंतु वाद्यांचा महापूर आला की मागचे आवाज त्या पुरातील एक लाट होतात. जुन्या मुद्रणात झीलकरी ही माणसे आहेत. कोणाचा सूर किंचित चढा, कोणाचा घोगरा, हे ऐकू येते. नव्यात तो एक भव्य घोष आहे. भव्यपणाची आवश्यकता आम्ही नाकारीत नाही. पण देवाशी भांडण्यास भव्यपणा लागत नाही, ओळख लागते.

या गाण्याच्या निमित्ताने 'महाराष्ट्राची लोकधारा' या नावाविषयीही दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. महाराष्ट्राबाहेर पडून राहिलेल्या मराठी माणसाच्या कानास हे नाव गोड लागते, हे सांगावयास नकोच. तथापि ज्या धारेचे हे नाव आहे, तिने कोणत्याही राज्याची हद्द कधी मानली नाही. जेजुरीचा खंडोबा तोच कन्नड मुलखाचा मैलार. मंगसुळीच्या खंडोबास दोन्ही भाषांतून भंडारा उधळला जातो. सौंदत्तीच्या यल्लम्मास कोल्हापूर-सांगलीकडील भक्तांच्या झुंडी येतात. तेथील जोगत्यांच्या चौंडक्यावर एक पद मराठी, दुसरे कन्नड, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो. गोंधळीही इकडे दोन्ही भाषांत गोंधळ घालतात. याच बेळगाव जिल्ह्याने कन्नडला 'श्रीकृष्ण पारिजात' हा लोकनाट्यप्रकार दिला, आणि त्यातील मुख्य पात्र व साथीदार यांचे नाते तमाशा जाणणाऱ्यास परके वाटत नाही. तेव्हा लोकधारेस महाराष्ट्राचे नाव देणे हे प्रेमाचे लक्षण मानावे, मालकीचे मानू नये. साबळे यांच्या उत्तम मुद्रणांत ही मालकीची भाषा कोठेच नाही, हेच त्यांचे मोठेपण.

५

आता 'जय जय महाराष्ट्र माझा'. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि साबळे यांचा आवाज, असा हा त्रिवेणी योग आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, त्या मंगल प्रसंगाशी या गीताचे नाव कायमचे जोडले गेले आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ते राज्यगीत म्हणून स्वीकारले आणि त्यासाठी दोन चरणांचे, एक मिनिट एकेचाळीस सेकंदांचे रूप ठरवून दिले.

या गीतास आम्ही पहिला क्रमांक दिला नाही, याचा राग आमच्याच भागातील वाचकांस प्रथम येईल, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून कारण स्पष्ट करतो. खळे हे भावगीताचे व अभंगाचे थोर रचनाकार. त्यांनी येथे जी चाल बांधली ती समूहगीताची आहे, पोवाड्याची नव्हे. समूह ध्रुवपद गातो, पण ते गायकाने म्हटलेलेच पुन्हा म्हणतो; त्याच्याशी बोलत नाही. पोवाडा कथा सांगतो, हे गीत गौरव करते. गौरवास उत्तराची गरज नसते, होकाराची असते. साबळे यांच्या आवाजातील रांगडा कणखरपणा, कठोर व्यंजनांवर पडणारा त्यांचा जोर, यांमुळे हे गीत सभागृहातील कवायतीसारखे कोरडे झाले नाही. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात ते कदाचित झाले असते. पण शाहीर येथे शाहिरी करीत नाही. आपला आवाज राष्ट्रकार्यास उसना देतो. तो त्याग आहे, आणि त्याची फळेही गोड आहेत. तरीही समीक्षेने दोन गोष्टींची गल्लत करू नये.

एवढे म्हटल्यावर उरते ती गोष्ट अधिक नाजूक आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर हा टापू १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव ज्या साहित्य संमेलनात झाला, ते ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील १९४६ चे संमेलन बेळगावातच भरले होते. पुढे राज्य झाले, गीत झाले, आणि ज्या गावी संकल्प सोडला गेला ते गाव गीताच्या राज्याबाहेर राहिले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा सारा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. अण्णा भाऊ साठे यांनी 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत खंडित महाराष्ट्राचे दुःख सांगताना बेळगाव-कारवारचे नाव घेतले, म्हणून ती छक्कड आमच्याकडे घरच्यासारखी झाली. १९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख व गवाणकर यांनी उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकाचे शब्द आमच्यापर्यंत प्रामुख्याने मुखपरंपरेने व छापील पुस्तकांतून पोहोचले. साबळे आले ते तबकडीतून व आकाशवाणीतून. एकाने आमचे नाव घेतले. दुसऱ्याच्या गीतात ते नाही. तरी गणेशोत्सवाच्या मांडवात साठ वर्षे वाजत राहिले ते दुसऱ्याचे गीत. असे का?

याचे उत्तर आम्हांस गीतातील नद्यांच्या नावांत सापडले. बढे यांनी रेवेपासून गोदावरीपर्यंत नद्यांची माळ गुंफली आहे. तीत आमची मलप्रभा नाही, घटप्रभा नाही. निपाणीजवळून वाहणारी वेदगंगाही नाही. पण कृष्णा आहे. वेदगंगा दूधगंगेस मिळते आणि दूधगंगा कृष्णेस. घटप्रभा व मलप्रभाही अखेर कृष्णेच्याच पोटात जातात. आणि ज्या कन्नड नाडगीताने आमच्या शाळेचा दिवस सुरू होतो, त्या कुवेंपूंच्या 'जय भारत जननिय तनुजाते' या गीतातही कृष्णा आहे. त्या गीतास कर्नाटक शासनाने २००४ साली नाडगीताचा दर्जा दिला आणि २०२२ मध्ये त्याच्या गायनासाठी अडीच मिनिटांची मर्यादा घालून दिली. दोन्ही शासनांनी आपापली गीते घड्याळावर मोजून दिली. कृष्णा दोहोंतूनही वाहते. आमची मुले सकाळी एक गीत म्हणतात आणि उत्सवात दुसरे, यात त्यांना विसंगती वाटत नाही. कोणत्याही गीतात आपले नाव असावे असा त्यांचा हट्ट नाही. त्यांना पाहिजे असते ती उचलून धरावयास एक ओळ.

६

येथे आम्ही मूळ मुद्द्याकडे परत येतो. ध्वनिमुद्रिकेने झील राखली. पण राखलेली झील ऐकणाऱ्याची झील होते काय? याविषयीचा आमच्या शाळेतील एक प्रसंग सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

एका वर्षीच्या स्नेहसंमेलनात मुलांनी 'मल्हारवारी' बसविले होते. पोशाख उत्तम, भंडारा उधळण्याची वेळही नेमकी साधलेली. गाणे अर्थातच मुद्रित होते आणि मुले त्यावर नाचत होती. मध्येच वीज गेली. गाणे थांबले, त्याबरोबर मुलेही थांबली. अंधारात आम्ही ओरडून सांगितले की तोंडाने म्हणा. कोणासही म्हणता येईना. हातवारे सर्वांना पाठ होते, शब्द एकासही नव्हते. पालक हसले, टाळ्या झाल्या, वीज आली आणि कार्यक्रम पुढे गेला. आमच्या मनातून मात्र तो क्षण गेला नाही. जी झील छापखान्याने कागदावरून पुसली होती आणि तबकडीने कानासाठी वाचविली होती, ती आमच्याच शाळेत, आमच्याच देखत मुलांच्या तोंडातून नाहीशी झालेली आम्ही पाहिली. दोष मुलांचा नव्हता. नाच बसवा असे त्यांस सांगणारे आम्हीच होतो. गाणे शिका असे कोणीच सांगितले नव्हते.

पुढील वर्षी आम्ही यंत्र बाजूस ठेविले. एक मुलगी पुढे गाण्यास आणि चार मुले झील धरण्यास उभी केली. जुने मुद्रण रोज एकदा ऐकावयाचे आणि मग ते बंद करून म्हणावयाचे, असा नेम ठेविला. सूर फाटले, डफाचा ताल दोनदा घसरला. साबळे यांच्या मंडळींशी तुलना करण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या चौघांत घरी कन्नड बोलणारा एक मुलगा होता आणि झील सर्वांत खणखणीत त्याचीच होती. वारी म्हणजे काय, हे त्याने आम्हांस नंतर विचारले. आधी झील, मग अर्थ: भारुडाचा जो क्रम आम्ही वर सांगितला, तोच येथेही खरा ठरला.

जुनी मुद्रणे म्हणजे काचेच्या कपाटात ठेवावयाचा ठेवा नव्हे. ती तालमीची सामग्री आहे. साबळे यांच्या मुद्रित गायनाचे मोल ठरविताना कोणत्या गाण्याचा किती खप झाला, कोणास राजमान्यता मिळाली, हे पाहण्यापेक्षा कोणत्या गाण्यात मागच्या माणसास बोलावयास जागा ठेवली आहे, हे पाहावे. या कसोटीवर 'विंचू चावला' आणि 'मल्हारवारी' यांचे स्थान आमच्या मते पहिल्या पंक्तीत आहे, आणि 'जय जय महाराष्ट्र माझा' हे आदरणीय असूनही त्या पंक्तीच्या बाहेरचे आहे. मतभेदास जागा आहेच. जाणकारांनी तो अवश्य मांडावा.

शेवटी एक विनंती. साहित्यसंस्थांनी शाहिरांची चरित्रे प्रसिद्ध केली, संहिता छापल्या. २०२३ साली 'महाराष्ट्र शाहीर' हा साबळे यांच्यावरील चित्रपटही आला. आता कोणीतरी 'आणि पार्टी' या दोन शब्दांची फोड करावयास हवी. त्या तबकड्यांमागे डफ, संबळ, तुणतुणे घेऊन उभी राहिलेली माणसे कोण होती, कोणत्या गावांहून आली होती, गिरणीत होती की शेतात, याची नोंद अजूनही करता येण्यासारखी आहे. त्यांतील काही आज वृद्ध असतील, काहींच्या घरी मुले-नातवंडे असतील. दहा वर्षांनी विचारावयास कोणी उरणार नाही. मुद्रिकांच्या सूचीत गायक, कवी व संगीतकार यांच्या खाली झीलकरी असा चौथा रकाना घालावा, आणि जेथे नाव मिळणार नाही तेथे तो रकाना मोकळा ठेवावा. काढून मात्र टाकू नये. संहिता छापताना जी चूक एकदा झाली, ती सूची करताना पुन्हा होऊ नये एवढीच अपेक्षा.